एकच मिक्सर, तीन जमा: कार्डाचे दोन टक्के नेमके कोणाच्या खिशात जातात?

भांडीवाला_दादर

नमस्कार मंडळी. दादरला रानडे रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं भांड्यांचं आणि मिक्सर-कुकरचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एकाच मॉडेलचे तीन मिक्सर गेले, प्रत्येकी १२,४०० रुपयांना. तिन्ही गिऱ्हाइकांनी कार्ड दिलं, तिन्ही वेळा मशीनमधून १२,४०० चीच पावती निघाली. काल रात्री दुकान बंद केल्यावर महिन्याचं स्टेटमेंट घेऊन बसलो, तर खात्यात जमा अशी:

रूपे डेबिट कार्ड: १२,४००.००
दुसऱ्या नेटवर्कचं डेबिट कार्ड: १२,२६८.३१
क्रेडिट कार्ड: १२,०९२.७३

या मिक्सरवर मला साडेआठशेच्या आसपास सुटतात. त्यातच भाडं, लाइटबिल आणि दोन मुलांचा पगार. क्रेडिट कार्डवाल्या विक्रीत ३०७ रुपये तिथल्या तिथे गेले.

इतकी वर्षं मी "कार्ड म्हणजे दोन टक्के" असं धरून चाललो होतो. आता प्रश्न पडलेत. हा दर ठरवतं कोण? मला तर कधी कोणी विचारलेलं नाही. पैसे जातात कोणाकडे? आणि समोरचा दुकानदार घेतो तसे वरचे दोन टक्के मी गिऱ्हाइकाकडून घेतले तर चालतं का? तिसरे गृहस्थ आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, "पॉइंट मिळतात म्हणून कार्डच देतो" असं म्हणाले. त्यांच्यावर राग नाही. पण ते पॉइंट माझ्या ३०७ मधून येतात का, हे मला खरंच कळून घ्यायचंय.

बाळू_चर्नीरोड

म्हणजे चटणी तिघांच्याही घरी सारखीच वाटली जाणार, फक्त तुमच्या गल्ल्यात तीन चवींची पडली!

बाकी मी गिऱ्हाइकाच्या बाजूचा. लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप घ्यायला गेलो, भाव ठरला, कार्ड काढलं की "साहेब, दोन टक्के एक्स्ट्रा". भाव ठरवतानाच सांगायला हवं ना? एटीएम शोधत ग्रँट रोड स्टेशनपर्यंत चालत गेलोय.

सुलभा_पार्ले

मी एका बँकेच्या कार्ड विभागात २२ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. पैसा कसा फिरतो ते सांगते.

तुमच्या त्या व्यवहारात चार जण आहेत. गिऱ्हाईक, त्याला कार्ड देणारी बँक, तुम्ही, आणि तुम्हाला मशीन देणारी बँक. मध्ये नेटवर्क, म्हणजे रूपे, व्हिसा यांसारखी दोन बँकांना जोडणारी यंत्रणा. कार्ड देणारी बँक तुमच्या बँकेला १२,४०० पुरते देत नाही, आपला वाटा कापून देते. त्या कापलेल्या वाट्याला इंटरचेंज म्हणतात. मग तुमची बँक त्यात स्वतःचा खर्च आणि नफा घालते, नेटवर्कची फी घालते, आणि सगळं मिळून तुमच्याकडून कापते. तो एमडीआर. तुमच्या स्टेटमेंटवर दिसतो तो एमडीआर, पण त्यातला मोठा तुकडा इंटरचेंजचा असतो आणि तो तुमच्या बँकेकडे राहतच नाही. म्हणून तुम्ही मशीनवाल्या बँकेशी कितीही घासाघीस केलीत तरी ती एका मर्यादेखाली उतरू शकत नाही. आमच्याकडे दुकानदार येऊन भांडायचे तेव्हा आम्ही हेच सांगायचो, आणि ते खरं होतं.

आता तुमचे आकडे. क्रेडिटवर तुमचा दर २.१ टक्के दिसतो: २६०.४० रुपये, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४६.८७. दुसऱ्या डेबिटवर ०.९० टक्के, म्हणजे १११.६० आणि जीएसटी २०.०९. तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असणार, कारण त्याखालच्या दुकानदाराला रिझर्व्ह बँकेने डेबिटवर ०.४० टक्क्याची मर्यादा घातली आहे. हे दर १ जानेवारी २०१८ पासूनचे. मोठ्या दुकानदाराला एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १००० रुपये, लहानाला २००. क्यूआर कोडवर स्वीकारलं तर दोन्हीकडे आणखी ०.१० ने कमी.

क्रेडिट कार्डावर मात्र रिझर्व्ह बँकेने अशी मर्यादा घातलेली नाही.

भांडीवाला_दादर

सुलभाताई, मनापासून आभार. इतक्या वर्षांत हे कोणी समजावून दिलं नव्हतं. उलाढाल २० लाखांच्या वर आहे, बरोबर ओळखलंत.

सीए_मुलुंड

मिक्सर राहू द्या बाजूला, आधी एक सांगा. तो ४६.८७ चा जीएसटी तुम्ही परत घेता का?

भांडीवाला_दादर

परत म्हणजे?

सीए_मुलुंड

वाटलंच मला. तुम्ही नेहमीच्या जीएसटीत असाल, कंपोझिशनमध्ये (लहान दुकानदारांच्या ठोक दराच्या योजनेत) नसाल, तर बँकेने फीवर लावलेला जीएसटी हा तुमचा इनपुट क्रेडिट आहे, म्हणजे तुम्ही भरायच्या करातून तो वजा होतो. मालावरचा घेता तसाच घ्यायचा. अट एवढीच, की बँकेकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदलेला हवा आणि ती रक्कम तुमच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसायला हवी. दादर-परळ भागातले माझे निम्मे क्लायंट हे सोडून देतात, कारण मशीन घेताना फॉर्मवर तो रकाना कोरा ठेवलेला असतो. एका आर्थिक वर्षाचं क्रेडिट पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. आजच फोन करा.

आणि २००० रुपयांपर्यंतच्या कार्ड व्यवहारावर बँकेच्या फीला जीएसटी लागतच नाही. स्टेटमेंटमध्ये छोट्या रकमांसमोर जीएसटी लावलेला दिसला तर बँकेला विचारा.

मसालेवाली_लालबाग

मी कंपोझिशनमध्ये आहे, म्हणजे मला काहीच परत नाही ना?

सीए_मुलुंड

नाही ताई. तुमच्यासाठी तो सरळ खर्चच.

अॅड_फोर्ट

धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाचं कायद्याने उत्तर देतो, कारण त्यावर बाजारात फार गैरसमज आहेत.

डेबिट कार्डावर गिऱ्हाइकाकडून वरचे पैसे घेणं चालत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवलं होतं की असे पैसे घेणाऱ्या दुकानदाराशी संबंध तोडावेत. डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात पुन्हा लिहिलं, की दुकानदार एमडीआर गिऱ्हाइकावर ढकलणार नाही हे बँकेने पाहायचं. रूपे डेबिट आणि यूपीआयची गोष्ट याच्याही पुढची. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात २०१९ मध्ये कलम १०अ घातलं गेलं. ठरवून दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्गांनी पैसे देणारा किंवा घेणारा, कोणाकडूनच बँकेने शुल्क घ्यायचं नाही. १ जानेवारी २०२० पासून हे लागू आहे. म्हणून तुमच्या पहिल्या मिक्सरचे १२,४०० अख्खे आले. ती बँकेची मेहेरबानी नाही, कायदा आहे.

क्रेडिट कार्डाचा मामला कराराचा. मशीन घेताना तुम्ही सही केलेला करार काढून वाचा. कार्डवाल्याकडून जादा घेणार नाही अशी अट त्यात बहुधा सापडेल. रोखीला सूट देणं आणि कार्डावर जादा घेणं, पैशाचा फरक तोच असला तरी करारात या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. सूट द्यायची असेल तर छापील भाव एकच ठेवा आणि सूट बिलावर दाखवा.

आणि रोखीकडे वळवताना भान ठेवा, एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात किंवा एकाच विक्रीपोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही.

बाळू_चर्नीरोड

वकीलसाहेब, म्हणजे लॅमिंग्टन रोडवाल्याशी मी भांडायला हवं होतं?

अॅड_फोर्ट

कार्ड कोणतं होतं?

बाळू_चर्नीरोड

डेबिट.

अॅड_फोर्ट

मग हो. पावती मागायची आणि त्याच्या मशीनवर ज्या बँकेचं नाव आहे तिच्याकडे तक्रार करायची.

पॉइंटप्रेमी

मी त्या तिसऱ्या गृहस्थांच्या जमातीतला. महिन्याचं बिल पूर्ण भरतो, एक रुपया व्याज देत नाही. मे महिन्यात पॉइंटांवर सगळ्या घराला विमानाने गोव्याला नेलं, आई पहिल्यांदा विमानात बसली. त्याबद्दल अपराधी का वाटावं? दुकानदाराला दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात, उधारी बुडायची भीती नाही. आणि कार्ड नसतं तर मी १२ हजारांचा मिक्सर त्या दिवशी घेतलाच नसता. दोन टक्के हा विक्री वाढवण्याचा खर्च आहे, जाहिरातीसारखा.

भांडीवाला_दादर

@पॉइंटप्रेमी, आईंना विमानात बसवलंत हे फार चांगलं केलंत. आणि उधारीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. वडिलांची लाल वही अजून माळ्यावर आहे. गिरणी संपाच्या काळातली पानंच्या पानं आहेत, त्यातली कित्येक कधी वसूल झाली नाहीत, वडिलांनी मागितलीही नाहीत. कार्डामुळे ती वही बंद झाली, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण तुम्ही मिक्सर घेतलाच नसता हे पटत नाही. तुम्ही माझ्याकडे नाही तर समोरच्याकडे घेतला असता, आणि समोरचा कार्ड घेतो म्हणून मलाही घ्यावं लागतं. आम्ही दोघंही घेतो, दोघंही दोन टक्के देतो, आणि मिक्सर एकच विकला जातो.

अर्थाच्या_बाई

भांडीवाले दादा, तुम्ही आत्ता जे चार ओळींत लिहिलंत त्यावर अर्थशास्त्रात चाळीस वर्षं वाद चालू आहे. मी कॉलेजात शिकवते, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

इंटरचेंजच्या बाजूने पहिला पक्का युक्तिवाद १९८३ मध्ये विल्यम बॅक्स्टर यांनी केला. ते स्टॅनफर्डचे कायद्याचे प्राध्यापक, आणि त्या वेळी अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी विभागाचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं: कार्ड ही दोघांनी मिळून घ्यायची सेवा आहे. गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला, दोघांनाही एकाच वेळी हवी असेल तरच व्यवहार होतो. पण खर्च दोन्हीकडे सारखा पडत नाही. तेव्हा एका बाजूकडून घेऊन दुसरीकडे दिलं नाही तर ही सेवा उभीच राहणार नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या, वधू-वर सूचक मंडळ. नुसत्या मुलांचीच नोंदणी झाली तर मंडळ चालेल का? ज्या बाजूची नावं कमी, तिला फी माफ करतात आणि दुसऱ्या बाजूकडून जास्त घेतात. कार्डात फी माफ झालेली, वर पॉइंट मिळणारी बाजू म्हणजे पॉइंटप्रेमी. फी भरणारी बाजू म्हणजे भांडीवाले. पुढे रोशे आणि तिरोल या दोन फ्रेंच अर्थतज्ज्ञांनी याचं गणित मांडलं. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या ताकदीवरच्या कामासाठी तिरोल यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

इथवर बँकांची बाजू. आता गोम कुठे आहे? मंडळात दोन्ही बाजू एकाच टेबलाशी बसलेल्या असतात. कार्डात पैसे कसे द्यायचे ते गिऱ्हाईक ठरवतो, आणि त्याची किंमत दुकानदार भरतो. निवडणाऱ्याला किंमत दिसतच नाही. म्हणून नेटवर्कांची स्पर्धा उलटी चालते. नेहमीच्या बाजारात स्पर्धेने भाव उतरतो. इथे बँकेला जे नेटवर्क जास्त इंटरचेंज मिळवून देईल त्याचं कार्ड बँक देणार, म्हणून स्पर्धेने भाव चढतो.

आणि दुकानदार तो भाव कुठे घालतो? मालात. म्हणजे ज्याने रोखीने घेतलं त्याच्याही किमतीत तो बसतो.

भांडीवाला_दादर

बाई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो. परवा आमच्याकडे घरकाम करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या, मुलीच्या संसारासाठी साडेतीन लिटरचा कुकर घ्यायला. रुमालाच्या गाठीतून शंभराच्या नोटा मोजून काढल्या. त्या कुकरचा भाव लावताना मी कार्डाचे दोन टक्के धरलेले आहेत, सगळ्याच मालावर धरतो. म्हणजे त्या मावशींनी गोव्याच्या तिकिटाला हातभार लावला. पॉइंटप्रेमी, हे तुम्हाला टोचून बोलत नाही. भाव मी लावलाय, माझ्या हाताने.

पॉइंटप्रेमी

हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. यावर उत्तर नाही माझ्याकडे.

सुलभा_पार्ले

बाईंच्या विवेचनाला एक पुरवणी. सगळे २६० रुपये पॉइंटांत जात नाहीत. गिऱ्हाइकाने मिक्सर आज नेला, बँकेला पैसे तो सरासरी महिन्याभराने देणार. ७ टक्के व्याज धरलं तरी १२,४०० वर महिन्याचे ७१ रुपये होतात, ते बँकेच्या खिशातून जातात. शिवाय जो बुडवतो त्याचं नुकसान, चोरीच्या कार्डाचं नुकसान, कॉल सेंटर. माझ्या टेबलावर अशा फाइली यायच्या, माणूस वारला, घरच्यांना कार्डाचा पत्ताच नाही. ती थकबाकी दुकानदाराकडे कोणी मागत नाही.

तात्या_डोंबिवली

७१ ठीक. उरलेले १८९?

मसालेवाली_लालबाग

माझा अनुभव वेगळाच आहे, सगळ्यांनी वाचा म्हणून लिहिते. मी मशीन ठेवलेलंच नाही, फक्त क्यूआर आणि बोलणारा डबा. यूपीआय फुकट, म्हणून मी निर्धास्त. एप्रिल-मेमध्ये मसाल्याचा सीझन, लोक वर्षाचं तिखट एकदम नेतात, चार-पाच हजारांची बिलं होतात. डबा "पाच हजार रुपये प्राप्त झाले" म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी खात्यात थोडे कमी. आधी वाटलं मीच चुकले. तीन रात्री वहीशी ताळा केला. शेवटी भाच्याने ॲप उघडून दाखवलं: काही गिऱ्हाइकं क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डातून पैसे देत होती. डब्याचा आवाज तोच, फोनवरचा हिरवा टिक तोच. मला कसं कळणार? ज्यांनी क्यूआर दिला त्यांचा माणूस हे कधी बोलला नव्हता. दोनदा फोन केला तर "मॅडम, तुम्ही अटी स्वीकारल्यात".

सुलभा_पार्ले

ताई, हे सप्टेंबर २०२२ पासून सुरू झालं, रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं तेव्हा. लहान दुकानदाराला २००० पर्यंतच्या व्यवहारावर काही लागत नाही, त्यापुढच्या रकमेला लागतं. म्हणून तुमच्या रोजच्या पावशेर-अर्ध्या किलोत ते दिसलं नाही, सीझनमध्ये दिसलं. वॉलेटमधून २००० च्या वर कोणी दिलं तर तिथेही इंटरचेंज आहे, एप्रिल २०२३ पासून, १.१ टक्क्यापर्यंत. बँक खात्यातून थेट आलेलं यूपीआय मात्र फुकटच.

मसालेवाली_लालबाग

पुढच्या सीझनला दोन हजारांची दोन-दोन बिलं करू का मग?

सीए_मुलुंड

ताई, एका विक्रीचे तुकडे करू नका. कराराच्या अटीत अडकाल आणि हिशेबाचा घोळ होईल तो वेगळाच.

मेलबर्नचा_ठाणेकर

ऑस्ट्रेलियातलं सांगतो, इथे हे सगळे प्रयोग करून झालेत. इथल्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये क्रेडिट इंटरचेंजवर मर्यादा घातली, सरासरी ०.९५ टक्क्यांवरून साधारण ०.५५ वर आली. दुकानदाराला जादा आकारणीची मुभाही दिली. झालं काय? पॉइंट रोडावले, कार्डाची वार्षिक फी वाढली. पॉइंटप्रेमींची जमात इथेही खूप रडली. पण दुकानदारांनीही त्या मुभेचा गैरफायदा घेतला, टॅक्सीत कार्ड दिलं की १० टक्के! शेवटी २०१६ मध्ये नियम करावा लागला, जेवढा खर्च येतो तेवढंच घ्या.

म्हणून जादा आकारणीची सरसकट मुभा द्या असं जे म्हणतात त्यांनी इथल्या टॅक्सीत बसून यावं.

तात्या_डोंबिवली

अवांतर: जानेवारी २०१७ आठवतं का? नोटाबंदीनंतर पेट्रोल पंपवाले म्हणाले, एक टक्का आमच्याकडून घेणार असाल तर ९ तारखेपासून कार्डच घेणार नाही. गल्ल्यात रोख नाही, एटीएमला रांगा, आणि पंपावर कार्ड नाही म्हटल्यावर दोन दिवसांत सरकार हललं. भांड्यांच्या दुकानदारांनी तसं म्हटलं तर कोणी ऐकेल का?

अॅड_फोर्ट

अमेरिकेत दुकानदार न्यायालयात गेले. १९८६ मध्ये एका अपील न्यायालयाने व्हिसाचं इंटरचेंज वैध ठरवलं. मग २०१० च्या डर्बिन दुरुस्तीने, म्हणजे तिथल्या कायद्यातल्या एका कलमाने, मोठ्या बँकांच्या डेबिट इंटरचेंजवर मर्यादा आणली. ऑक्टोबर २०११ पासून २१ सेंट, अधिक रकमेच्या ०.०५ टक्के, आणि फसवणूक रोखण्यासाठी १ सेंट. याचा एक वाईट परिणाम कोणाच्याच लक्षात आला नव्हता: पूर्वी छोट्या बिलांना नेटवर्क कमी दर लावायची. मर्यादा आल्यावर ती मर्यादाच सगळ्यांचा दर झाली, आणि दोन डॉलरची कॉफी विकणाऱ्याची फी वाढली. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन एक्स्प्रेसच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की फक्त दुकानदाराचं नुकसान दाखवून भागणार नाही, गिऱ्हाइकाला झालेला फायदाही मोजा. बाईंनी सांगितलेला दोन बाजूंचा बाजार थेट निकालपत्रात आला. आणि जून २०२४ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायाधीश मार्गो ब्रॉडी यांनी व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही नेटवर्कांनी दुकानदारांशी केलेली सुमारे ३० अब्ज डॉलरची तडजोड फेटाळली.

न्यायालयाच्या वाटेने जायचं तर आयुष्य जातं, हे वकील असून सांगतो.

अर्थाच्या_बाई

युरोपने ९ डिसेंबर २०१५ पासून मर्यादा घातली, डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्के. हे आकडे कुठून आले त्यात भांडीवाले दादांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून पुन्हा आले.

त्यांच्यामागे तिरोल आणि रोशे यांनी सुचवलेली एक कसोटी आहे. तिला पर्यटकाची कसोटी म्हणतात. समजा, कोल्हापूरचे एक पाहुणे तुमच्या दुकानात आले आहेत. रात्रीच्या महालक्ष्मीने परत जाणार, पुन्हा काही तुमच्याकडे येणार नाहीत. खिशात रोखही आहे आणि कार्डही. माल पसंत झालेला आहे. आता त्यांनी कशाने द्यावं असं तुम्हाला वाटेल? जितक्या फीपर्यंत तुम्ही "कशानेही द्या" म्हणाल, तितकी फी रास्त. कारण रोखही फुकट नसते, ती मोजायची, सांभाळायची, बँकेत न्यायची. दादा, तुम्हाला रोख हाताळायला काय खर्च येतो ते कधी काढलंय का?

भांडीवाला_दादर

काल दिवसभर हेच केलं. मुलालाही कामाला लावलं.

महिन्याला रोख येते साधारण ६ लाख. बाराएक वेळा मुलगा बँकेत जातो, रांग धरून तासभर जातो, ताशी ७५ रुपये धरले तर ९००. बँक ठरावीक रकमेच्या वर रोख भरायला आकार घेते, तो गेल्या महिन्यात १००० झाला. दोनेक महिन्यांतून एखादी ५०० ची खोटी नोट पदरात पडते, तिचे महिन्याला २५०. रात्री गल्ला मोजायला मी स्वतः बसतो, ते धरलं नाही.

एकूण २,१५०. सहा लाखांवर ०.३६ टक्के निघाले. मुलगा म्हणाला, बाबा चुकलं असेल, म्हणून पुन्हा केलं. तेवढंच.

१२,४०० च्या मिक्सरवर ४५ रुपये. तेवढे मी त्या कोल्हापूरच्या पाहुण्यांसाठी आनंदाने देईन. २६० नाही.

बाळू_चर्नीरोड

युरोपने अभ्यास करून ०.३ काढले, दादरने गल्ला मोजून ०.३६. टाळ्या!

सुलभा_पार्ले

आकड्याबद्दल आदर आहे, पण माझी हरकत नोंदवते. या कसोटीत उधारीची किंमत कुठेच नाही. ४५ रुपयांत बँक महिनाभराची बिनव्याजी उधारी देऊ शकत नाही, ७१ तर नुसतं व्याज झालं.

आणि शून्याचंही तेच. यूपीआय शून्य ठेवलं, पण सर्व्हर शून्यावर चालत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देतं. २०२४-२५ साठी १५०० कोटी मंजूर केले, लहान दुकानदारांच्या २००० पर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के या हिशेबाने. म्हणजे तुमच्या कराच्या पैशांतून. ते पुरत नाहीत म्हणून बँका मशीनचं भाडं, डब्याचं भाडं लावतात. एका खिशातून काढलं नाही की दुसऱ्यातून निघतं.

अर्थाच्या_बाई

ताई, उधारीची किंमत आहे हे मान्यच. पण ती उधार घेणाऱ्याने द्यावी. त्या ७१ रुपयांचा मालक पॉइंटप्रेमी आहे, दुकानदार नव्हे, आणि कुकरवाल्या मावशी तर मुळीच नव्हेत. ऑस्ट्रेलियात पॉइंट घटले आणि वार्षिक फी वाढली, त्याला ठाणेकरांनी तोट्यात धरलं. मी त्याला बिल योग्य पत्त्यावर गेलं असं म्हणेन. शून्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. फुकट हाही एक सरकारने लादलेला दरच आहे.

पॉइंटप्रेमी

वार्षिक फी वाढली तर मी एक कार्ड बंद करीन, दुसरं ठेवीन. मावशींनी माझी फी भरू नये, इतपत पटलंय.

भांडीवाला_दादर

मंडळी, आज बँकेत जाऊन आलो, म्हणून कळवतो.

एक, जीएसटी क्रमांक खरंच नोंदलेला नव्हता. आता नोंदला. गेलं ते गेलं, पण सीए साहेबांचे उपकार विसरणार नाही. दोन, स्टेटमेंट समोर ठेवून कार्डाच्या प्रकाराप्रमाणे दरपत्रक मागितलं. मॅनेजर बाई आधी म्हणाल्या असं काही नसतं, मग कपाटातून काढलं. क्रेडिटचा दर २.१ वरून १.८५ करून देतो म्हणाल्या, मशीनचं भाडंही माफ. इंटरचेंजचं विचारलं तर म्हणाल्या, ते आमच्या हातात नाही, सुलभाताई म्हणाल्या तसंच.

तीन, गिऱ्हाइकाकडून दोन टक्के घ्यायचे नाहीत असं ठरवलं. मुलाने गल्ल्याजवळ एक पाटी लावली आहे: "रोख, यूपीआय किंवा रूपे डेबिट कार्डाने दिल्यास दुकानाचा खर्च वाचतो. ५००० च्या वरच्या खरेदीवर १ टक्का सूट बिलातच मिळेल." भाव एकच, सूट बिलावर, वकीलसाहेबांनी सांगितलं तसं. सकाळी तेच जुने गिऱ्हाईक आले, पाटी वाचली, विचारलं हे काय नवीन. दहा मिनिटं उभं राहून तिन्ही मिक्सरचं स्टेटमेंट दाखवलं त्यांना. इडलीपात्र घेतलं, सहाशेचं, म्हणजे सूट काही लागू नव्हती. तरी यूपीआय केलं.

मसालेवाली_लालबाग

दादा, त्या पाटीचा फोटो टाकाल का? मला पण लिहून घ्यायचीय. फक्त माझ्याकडे आधी "खात्यातून यूपीआय" असं लिहावं लागेल.

भांडीवाला_दादर

हो ताई. उद्या दुकान उघडलं की टाकतो. "खात्यातून" हा शब्द मीही घालून घेतो, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.